‘ग्रामगीता’ : एका ख्रिस्ती वाचकाचे वाचन

वऱ्हाडातील पुष्कळ घरांत देव्हाऱ्याशेजारी एक ग्रंथ ठेवलेला असतो. तो ग्रंथ म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाशी नाते सांगणारा हा ग्रंथ १९५५ साली लोकांसमोर आला. त्याच वर्षी, ८ मे रोजी, अमरावतीच्या कॅथलिक धर्मप्रांताची स्थापना झाली. म्हणजे आपला धर्मप्रांत आणि हा ग्रंथ समवयस्क आहेत, आणि शेजारीही आहेत. इतक्या वर्षांच्या शेजारात आपण कॅथलिकांनी तो किती वाचला, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. ‘तो त्यांचा ग्रंथ’ एवढे म्हणून आपण सहसा पुढे जातो. प्रस्तुत लेखात ‘ग्रामगीते’चे वाचन दोन दृष्टींनी करावयाचे आहे : एक मराठी साहित्यकृती म्हणून, आणि दुसरे, आपल्या श्रद्धेचे सार्वजनिक जीवनात काय होते हे तपासण्याची कसोटी म्हणून.

ग्रंथकर्त्याचा परिचय वऱ्हाडातील वाचकांना नव्याने करून देण्याची गरज नाही. १९०९ मध्ये यावली येथे जन्मलेले तुकडोजी महाराज हे खंजिरीवर भजन गाणारे लोककवी होते. १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला, १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते निवर्तले. आजही पुण्यतिथीला मोझरीत हजारो लोक मौन पाळून त्यांना श्रद्धांजली वाहतात. ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय असून त्यांत साडेचार हजारांहून अधिक ओव्या आहेत. हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला अर्पण केला आहे. मात्र येथे ग्रामदेवता म्हणजे शेंदूर फासलेला दगड नव्हे, तर गावच.

प्रथम रूपाचा विचार करू. ओवी हा छंद आपल्याला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडातून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचिले आणि १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांनी मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया घातला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ते काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. या दोन्ही काव्यांचा विषय उदात्त आहे. उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची तारणकथा आपल्या कवींनी ओवीत बसविली. परंतु ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारा माणूस गावात कसा वागतो, त्याच्या घराचे सांडपाणी कोठे जाते, तो मजुराला मजुरी केव्हा देतो, मत कोणाला आणि कशासाठी देतो, हे विषय त्या ओवीच्या वाट्याला आले नाहीत. ते मोझरीच्या ओवीने घेतले. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती ही तिच्या अध्यायांची नावेच पाहावीत. शौचकूप, खतखड्डा, विहीर, गोठा यांना काव्यात जागा देण्याचे धैर्य या कवीने दाखविले, हे त्याचे वाङ्मयीन वैशिष्ट्य होय.

या ग्रंथाच्या रचनेतील आणखी एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अनेक ठिकाणी कोणी श्रोता उठून शंका विचारतो आणि त्या शंकेच्या उत्तरातून विषय पुढे सरकतो. या शंका पंडिती वळणाच्या नाहीत. प्रपंचात गुंतलेल्या, थोड्या चतुर आणि थोड्या आळशी माणसाच्या त्या आहेत. उपदेश चांगला आहे, पण आम्हा संसारी माणसांना तो कसा साधावा, असा त्यांचा एकूण सूर असतो. ख्रिस्ती वाचकाला येथे संत लूकच्या शुभवर्तमानातील शास्त्र्याची आठवण व्हावी. माझा शेजारी कोण, असे त्याने येशूला विचारिले, ते शेजारधर्माची मर्यादा आखून घेण्यासाठी. प्रभूने व्याख्या न देता गोष्ट सांगितली आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच कामाला लावले. तुकडोजी महाराजही श्रोत्याला सुटका देत नाहीत. प्रत्येक अध्यायाच्या समारोपात ते आपल्या ग्रंथाला गुरू, शास्त्र आणि स्वानुभव अशा तिघांची संमती सांगतात. त्यातला तिसरा साक्षीदार फार महत्त्वाचा आहे, कारण अनुभवाची साक्ष काढणाऱ्या माणसाला आधी तसे वागून पाहावे लागते.

आता आशयाकडे वळू. ‘ग्रामगीते’चा मध्यवर्ती विचार असा की भक्ती देवळात सुरू होत असली तरी तिचे मोजमाप गावात होते. भजन गाऊन रस्ता घाण करणाऱ्या माणसाचे भजन या ग्रंथाला मान्य नाही. मताधिकाराला ग्रंथकर्त्याने शस्त्राची उपमा दिली आहे. ते विकले किंवा बेपर्वाईने वापरले तर धारण करणाऱ्यावरच उलटते. जे घडते ते प्रारब्धाने घडते, अशी समजूत करून स्वस्थ बसणाऱ्यांची त्याने कठोर हजेरी घेतली आहे. याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्या क्रमातही हाच विचार होता.

हा विचार आपल्या ख्रिस्तसभेला नवा आहे काय? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात, श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांची फारकत ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक आहे, असा निर्वाळा दिला आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात कर भरणे आणि मताधिकार बजावणे ही नैतिक कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. चोरी करू नको या आज्ञेच्या विवरणात अन्याय्य मजुरी, करचुकवेगिरी, काम वाईट रीतीने करणे आणि उधळपट्टी यांचा समावेश आहे. म्हणजे शिकवणीत उणीव नाही. उणीव आहे ती शिकवण घरापर्यंत पोहोचविणाऱ्या भाषेत. आत्मपरीक्षणास बसलेल्या माणसाच्या मनात चुकलेला रविवार आणि तोंडातून गेलेला अपशब्द चटकन येतात; कच्च्या पावतीवर चुकविलेला कर, दाखल्यासाठी टेबलाखालून दिलेले पैसे, मोलकरणीची कापलेली खाड्याची मजुरी सहसा येत नाही. धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद दस्तऐवजाच्या भाषेत राहिले. ‘ग्रामगीते’ने तेच विषय शेतावरून परतणाऱ्या माणसाला गुणगुणता येतील असे मांडले. आपल्या प्रवचनकारांनी आणि लेखकांनी तिच्याकडून पहिला धडा घ्यावा तो हा.

लग्नसमारंभाचेच उदाहरण घ्या. ‘ग्रामगीता’ हुंड्याचा आणि लग्नातील डामडौलाचा स्पष्ट निषेध करते आणि साधेपणाचा आग्रह धरते. वऱ्हाडात हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. कापसाचा भाव, पावसाचा लहरीपणा, सिंचनाचा अभाव ही कारणे मोठी आहेत आणि ती एका कुटुंबाच्या हातची नाहीत. परंतु कर्जाच्या डोंगरात लग्नाच्या खर्चाचेही दगड असतात, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याकडेही विवाहसंस्कार वेदीपुढे तासाभरात पार पडतो, आणि मंडप, बँड, जेवणावळी यांचे हप्ते काही वर्षे चालतात. शेजाऱ्याने केले म्हणून आपण करतो, आणि आपण केले म्हणून तिसऱ्या गरीब घराला करावे लागते. साधे लग्न लावणारे सुस्थितीतील ख्रिस्ती कुटुंब त्या तिसऱ्या घराचे ओझे उतरविते. ही प्रीतीची कृती होय, आणि ती नागरिक म्हणूनही केलेली कृती होय.

येथवर ग्रंथाचे गुण सांगितले. समीक्षेला मर्यादाही सांगाव्या लागतात. वाङ्मयदृष्ट्या पाहता ग्रंथात पुनरुक्ती फार आहे. काही अध्यायांत कवी मागे पडतो आणि कार्यकर्ता सूचनांची यादी वाचू लागतो. गाऊन ऐकविण्याच्या काव्यात हे काही अंशी क्षम्य आहे. याहून खोल अशी मर्यादा माणसाच्या आकलनाची आहे. माणसाला हित समजावून सांगितले आणि संघटनेची जोड दिली की तो सुधारेल, असा या ग्रंथाचा प्रसन्न विश्वास आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात वेगळा अनुभव नोंदविला आहे : चांगले काय ते कळते, करावेसेही वाटते, आणि हातून वाईटच घडते. लाच वाईट हे न कळणारा माणूस आज सापडणार नाही. तरी ती चालते. या अडलेल्या इच्छाशक्तीवर ख्रिस्ती उत्तर कृपा आणि पश्चात्ताप हे आहे. मात्र कृपेचे नाव घेऊन आपल्याला सुटता येणार नाही, कारण शुभवर्तमानातील जक्कयाने कृपा लाभताच हिशेब काढला आणि फसविलेल्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखविली. प्रभू त्याच्या घरी आल्याचा पुरावा त्याच्या वहीत उमटला. ‘ग्रामगीते’च्या प्रयत्नवादाला जक्कयाची ही जोड मिळाली तर दोन्ही परंपरांतील वाचकांचे कल्याणच होईल.

दुसरी मर्यादा ‘ग्रामकुटुंब’ या सुंदर कल्पनेतच दडलेली आहे. सारे गाव हे एक कुटुंब, हा विचार मनाला भुरळ घालतो. पण कुटुंबाला उंबरठा असतो, आणि उंबरठ्याबाहेर कोणीतरी उरतो. कुष्ठरुग्णांना गावांनी बाहेर काढले तेव्हा अमरावतीजवळ तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी त्यांना आसरा दिला, आणि अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयाने त्यांची शुश्रूषा केली. तुकडोजी महाराजांनी स्वतः अस्पृश्यतेला विरोध केला आणि सर्व धर्मांचा आदर शिकविला; त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. तथापि आज अमरावती आणि अकोला ही महानगरपालिकांची शहरे आहेत. ग्रंथातले सर्वांना ओळखणारे गाव तेथे उरलेले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. मे २०२३ मध्ये अकोल्यात तेच दुःख पाहावे लागले. अशा वेळी ‘आपले कुटुंब’ हा शब्द किती आकुंचित होतो, हे या दोन्ही शहरांनी अनुभविले आहे.

आणि येथे प्रश्न आपल्यापाशी येतो. दोन मोठ्या समाजांच्या भांडणात आपला समाज लहान आहे. आपले दार बंद असले, आपली मुले सुखरूप असली, की देवाचे आभार मानून मोकळे होण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण यरीहोच्या वाटेवरून दुसऱ्या बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवीही सुखरूपच घरी पोहोचले होते. थांबला तो शोमरोनी, त्या समाजाने कुटुंबाबाहेर ठेवलेला. वऱ्हाडातील कॅथलिकांचे स्थान पुष्कळसे त्या शोमरोन्यासारखे आहे. दोन्ही बाजूंना आपण परके नाही आणि कोणाचे प्रतिस्पर्धीही नाही. आपल्या शाळांत दोन्ही घरांची मुले एका बाकावर बसतात. संचारबंदीत कोणाच्या घरी दूध नाही, कोणाचे औषध संपले आहे, मुलांच्या मोबाइलवर कोणती अफवा फिरते आहे, याची चौकशी आपण करू शकतो आणि अफवा पुढे न पाठविण्याचा नियम घरात घालू शकतो. याला धैर्य लागते, पैसा फारसा लागत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या विश्वपत्रात याच दृष्टान्तावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आणि लोकहिताच्या राजकारणालाही प्रीतीचे रूप मानले, ते उगीच नव्हे.

एकंदरीत ‘ग्रामगीता’ ही ख्रिस्ती वाचकासाठी शुभवर्तमानाची जागा घेणारी नाही आणि तिचा तसा दावाही नाही. तिचे मोल असे की आपण वेदीपाशी जे ‘आमेन’ म्हणतो, त्याचा अर्थ ती गल्लीत येऊन विचारते. येत्या प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामातील कुटुंबांनी तिचे ग्रामशुद्धी आणि ग्रामकुटुंब हे दोन अध्याय याकोबाच्या पत्रासोबत वाचावेत, असे सुचवावेसे वाटते. वाचून झाल्यावर घरातील सर्वांनी मिळून कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : आपण कोणाचे देणे लागतो, आपल्या गल्लीत कशाची उणीव आहे, आणि कोणत्या शेजाऱ्याचे नाव आपल्याला अजून माहीत नाही. पुनरुत्थान सणापूर्वी त्या तिन्हींपैकी निदान एक ओळ खोडता आली, तर वाचन सार्थकी लागले असे समजावे. आणि आपल्या लेखकांपैकी कोणाला वऱ्हाडी ख्रिस्ती घराच्या नागरी जीवनावर ओवी लिहिण्याची स्फूर्ती झाली, तर ‘ख्रिस्तपुराणा’च्या परंपरेत एक राहून गेलेले प्रकरण भरून निघेल.