आडनावातले गाव

पारनेरात राहणाऱ्याला पारनेरकर म्हणण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही. तो पुण्या-मुंबईस बिऱ्हाड करतो तेव्हाच त्याच्या नावाला गाव चिकटते. हजेरी घेताना एखादा सुपेकर किंवा निघोजकर आला की मी विचारतो, ‘‘काय रे, तुमच्या घराण्याने ते गाव सोडले केव्हा?’’ मुलगा गोंधळतो, वर्ग हसतो. हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास वाचताना मला लेखकालाच हा प्रश्न विचारावासा वाटला.

हा इंग्रजी ग्रंथ त्यांनी १८९७ साली पुरा केला. छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. तेव्हा लेखक हयात नव्हते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरेची कथा किहीमकर इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास नेऊन बसवतात. त्या तारखेला समकालीन लेखाचा आधार नाही. पण म्हणून त्यांना हसू नये. आपण ज्यू आहो हे या समाजाला वारंवार सिद्ध करावे लागले. इस्राएलात गेल्यावरही धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढल्या; ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे तेथील सरकारने जाहीर केले ते १९६४ साली. अशा माणसाला प्राचीनतेची ओढ लागली तर नवल काय?

तरी माझी तक्रार आहे. भक्कम पुरावा त्यांच्या स्वतःच्या नावातच होता. स्वतःचे नाव, मग बापाचे, मग गाव. ही मांडणी अस्सल मराठी. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. अशी शंभरावर आडनावे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पण आडनावासाठी त्यांनी गाव घेतले, घाणा नव्हे. ही निवड मला फार बोलकी वाटते.

मोरोक्कोतील बर्बरभाषी मुलखातल्या ज्यू घराण्यांशी ताडून पाहावे. ओहायोन म्हणजे हायोनचा पुत्र. आरंभीचा ‘ओ’ बर्बर भाषेतला. तेथे बाप आडनावात शिरला. स्पेनने १४९२ साली ज्यूंना हाकलले, तरी तिकडून आलेल्या टोलेडानोंनी टोलेडो शहर टाकले नाही. आमचे पेणकर या टोलेडानोंचे सख्खे भाऊबंद!

आणि गंमत अशी, की मुंबईत इंग्रजी रिवाजाने हीच गावे गळू लागली. १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू नाव सॅम्युएल इझिकेल. १९०५ साली मॅट्रिकला पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन मूळच्या नवगावकर, ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड हे चेऊलकर, हे आज किती जणांना ठाऊक आहे? बापाचे नाव राहिले, गाव गेले.

इस्राएलात मात्र ही ‘कर’ आडनावे टिकली. तेथे १९८५ पासून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागले. हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे चालते. त्यामुळे तेथल्या दारावरच्या पाटीवर किहीम उजवीकडे असते, आणि ‘कर’ डाव्या टोकाला.