सॅल्व्हियाभोवतीचा उजाड पट्टा : पुराव्याची चिकित्सा

एका वनस्पतीच्या रसायनांमुळे शेजारच्या वनस्पतीची वाढ खुंटते, ही कल्पना जुनीच आहे. हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये तिला ‘अ‍ॅलिलोपॅथी’ हे नाव दिले. त्यांना उपकारक व अपकारक असे दोन्ही परिणाम अभिप्रेत होते. आज मात्र ही संज्ञा बहुधा अपकारक परिणामापुरतीच योजिली जाते. या विषयाला खरी प्रतिष्ठा लाभली ती कॅलिफोर्नियातील एका दृश्यामुळे.

तेथील गवताळ प्रदेशात सॅल्व्हिया ल्यूकोफिला या सुगंधी झुडपांच्या समूहांभोवती एक ते दोन मीटर रुंदीचा उजाड पट्टा आढळतो. त्यापलीकडे काही अंतरापर्यंत गवत खुरटलेले असते. सी. एच. म्यूलर व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची उपपत्ती मांडली : पानांतून बाहेर पडणारी बाष्पनशील टर्पीने, विशेषतः कापूर व सिनिओल, अंकुरांची वाढ रोखतात. बंद पात्रात सॅल्व्हियाच्या पानांच्या सान्निध्यात काकडीच्या अंकुरांची मुळे खुंटतात, हे त्यांनी दाखविले. कोरडी माती ही बाष्पे शोषून घेते, असेही पुढे दिसून आले.

ही मांडणी मोहक आहे, आणि तिची अडचणही तीच आहे. बंद पात्रात बाष्प साचते, उघड्या माळावर वारा ते वाहून नेतो. काकडी ही त्या माळावरची वनस्पतीही नव्हे. पात्रातील प्रयोगाने ‘हे द्रव्य विषारी असू शकते’ एवढेच सिद्ध होते. ‘या पट्ट्याचे कारण हेच’ हे विधान त्यातून निघत नाही.

ब्रूस बार्थोलोम्यू यांनी १९७० मध्ये त्याच नियतकालिकात याहून साधा प्रश्न विचारला. झुडपांच्या आडोशाने राहणारे उंदीर, ससे व पक्षी जवळच्या बिया व कोवळी रोपे खात असतील तर? त्यांनी उजाड पट्ट्यात तारेच्या जाळीची कुंपणे घातली. जाळी प्राण्यांना अडविते, वासाला अडवीत नाही. आत गवत वाढले. माझ्या मते या वादातील हा सर्वांत बोलका प्रयोग होय. तरीही त्याचा अर्थ ताणू नये : रसायनांचा परिणाम मुळीच नाही, असे त्यावरून ठरत नाही, बाष्प एकटे पट्टा निर्माण करण्यास पुरेसे नाही, एवढेच ठरते. बाष्पाने दुबळी झालेली रोपे प्राण्यांच्या चरण्यातून सावरत नाहीत, ही शक्यता उरतेच. म्यूलर यांचा पक्षही त्यानंतर गप्प बसला नाही. प्राणी आणि बाष्प हे दोन्ही घटक एकाच मांडणीत स्वतंत्रपणे बदलून पाहिल्याखेरीज हा वाद निकालात निघणे कठीण.

हा प्रश्न आपल्या प्रयोगशाळांना परका नाही. गाजर गवताची भारतातील शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये पुण्याहूनच झाली, आणि त्यातील पार्थेनिनवर आपल्याकडे विपुल काम झाले आहे. वाटलेल्या पानांचा अर्क गाळणकागदावरील बियांना द्यावा आणि अंकुरण घटल्याचे नोंदवावे, ही त्यातील रूढ पद्धत. पण दाट अर्कातील क्षार व शर्करा यांच्या परासरणदाबानेही अंकुरण घटते. तेवढ्याच दाबाचे निर्विष द्रावण नियंत्रणासाठी घेतले नसेल, तर विष कोणते हे कसे ठरवावे? शिवाय मातीतील सूक्ष्मजीव अशा द्रव्यांचे विघटन करतात. प्रबंधांत पेट्रीबशीतील आकडे पानेच्या पाने व्यापतात. गाजर गवताखालच्या मातीत पार्थेनिन प्रत्यक्ष किती असते व किती दिवस टिकते, याचा तक्ता मात्र त्यांत क्वचितच सापडतो.