हजेरीपट, चूल आणि प्रेमकथा

प्रेमकथा लिहिणारा माणूस रिकामटेकडा असला पाहिजे, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. ज्याला पोटापाण्याची चिंता नाही, घरात लेकरंबाळं नाहीत, सकाळी दहाची घंटा गाठायची नाही, तोच बसून प्रेमाच्या गोष्टी रचणार! प्रेमकथा वाचणाऱ्या बाईबद्दल तर याहून कडक बोलले जाते. समीक्षकही या समजापासून फार दूर नाहीत. दु:खाची, दंगलीची, दारिद्र्याची कादंबरी आली की तिच्यावर परिसंवाद होतात. प्रेमाची कादंबरी आली की ती 'रंजनपर' या एका शब्दात निकालात निघते.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांतील प्रेमकथा ज्यांनी घडवली, त्यांपैकी अनेकजण नोकरदार होते, आणि त्यातही मास्तर होते. मी पेडगावात राहते, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, उर्दूत शिकले आणि मराठीत लिहिते. त्यामुळे दोन्हीकडच्या मास्तर-कादंबरीकारांकडे माझे लक्ष जाणे साहजिक आहे. या लेखात प्रामुख्याने दोघांचा विचार करायचा आहे. एक वि. स. खांडेकर आणि दुसऱ्या इस्मत चुगताई. नोकरी आणि संसार यांनी लेखकाचा किती वेळ खाल्ला, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यांनी त्याच्या प्रेमकथेला काय दिले, हा माझा प्रश्न आहे.

खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले. कॉलेजचे शिक्षण पैशांअभावी अर्धवट सुटलेले, पदवी नाही, प्रकृती नाजूक आणि डोळे अधू. गाव कोकणातले, मिठागरांचे, पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून लांब. तेथे त्यांनी १९३८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे काढली आणि शाळेचे मुख्याध्यापकपदही सांभाळले. १९२९ साली त्यांचे लग्न झाले आणि १९३० साली पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' आली. त्यानंतर 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का', 'हिरवा चाफा' या कादंबऱ्या शिरोड्याच्या मुक्कामातच वाचकांपुढे आल्या. महाराष्ट्रभर ज्या कादंबऱ्यांवर तरुण मुलेमुली जीव टाकत होती, त्या लिहिणारा माणूस दिवसा खेड्यातल्या पोरांच्या वह्या तपासत होता.

आता त्यांच्या समकालीन ना. सी. फडक्यांकडे पाहू. तेही नोकरदारच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते दीर्घकाळ तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या कादंबऱ्या सत्तरच्या वर भरतात. एवढे लेखन नोकरी करून कसे जमले, याचे उत्तर त्यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या पुस्तकात सापडते. कथा-कादंबरीला तंत्र असते आणि ते शिकता येते, ही त्यांची भूमिका. तंत्र हाताशी असलेला माणूस स्फूर्तीची वाट पाहत बसत नाही, ठरल्या वेळी टेबलाशी बसतो. मात्र फडक्यांचा नायक पाहा. तो सुस्थितीत आहे, देखणा आहे, त्याला फिरायला आणि प्रेमात पडायला भरपूर सवड आहे. स्वत: फडक्यांना घड्याळ पाहून जगावे लागले असेल, त्यांच्या नायकाला ते क्वचितच पाहावे लागते. नोकरी लेखकाच्या दिनक्रमात राहिली, कथेत शिरली नाही.

खांडेकरांकडे ती शिरली. 'उल्का' ही एका ध्येयवादी शिक्षकाच्या मुलीची कहाणी आहे. या घरात प्रेम येते ते तत्त्व आणि तुटपुंजा पगार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. खांडेकरांच्या प्रेमिकांना एकमेकांशिवाय आणखी कोणाची तरी काळजी असते. गावाची, गरिबांची, आईवडिलांची. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकर वाद आपण परीक्षेपुरता पाठ केला. त्या वादाचे एक मूळ दोघांच्या नोकरीच्या ठिकाणातही असावे, असे मला वाटते. एकासमोर कॉलेजातला तरुण वर्ग बसत होता. दुसऱ्यासमोर ज्यांच्या घरी पाटी घ्यायलाही पैसे नसतील अशी मुले बसत होती.

पण शाळेने खांडेकरांचे नुकसानही केले, हे सांगितले पाहिजे. त्यांचे पात्र बोलता बोलता फळ्याकडे वळते. दोन माणसे प्रेमाचे चार शब्द बोलत असतात आणि मध्येच लेखक सुविचार लिहायला लागतो. उपमेवर उपमा येते. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत समजले पाहिजे म्हणून आम्ही शिक्षक एकच गोष्ट तीनदा सांगतो. तीच सवय कादंबरीत आली की वाचकाला आपणही वर्गात बसलो आहोत असे वाटू लागते. नोकरी लेखकाला विषय देते तशी खोडही लावते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'नोकरी सुटली की भरपूर लिहीन' असे आपण सगळेच म्हणतो. १९३८ साली खांडेकर शाळा सोडून कोल्हापुरात आले, मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी लिहीत राहिले. पहिल्या चार वर्षांत कादंबऱ्यांची रीघ लागली हे खरे. पण १९४२ च्या 'क्रौंचवधा'नंतर 'अश्रू' ही कादंबरी यायला १९५४ साल उजाडले. बारा वर्षे गेली. या खंडाची कारणे अनेक असतील. पण शाळा सुटली म्हणून कादंबरी सुटली नाही, एवढे तरी यावरून दिसते. आणि इतक्या वर्षांनी ते कादंबरीकडे परतले तेव्हा पुन्हा नायक म्हणून उभा राहिला तो एक गरीब शाळामास्तरच! त्यानंतरची 'ययाति' (१९५९) ही मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारी कादंबरी. तीही मुळात प्रेम आणि वासना यांच्या फरकाचीच कथा आहे.

आता इस्मत आपांकडे वळू. आपल्या वाचकांना त्यांचे नाव 'लिहाफ'मुळे माहीत असते आणि तेवढेच माहीत असते. त्या शिक्षिका होत्या, ही बाब बाजूला पडते. १९१५ साली बदायूँत जन्म, लखनौला बी. ए., मग अलीगढला बी. टी. ही बी. टी. म्हणजे आजची आपली बी. एड. मुलींच्या शाळेत त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून काम केले आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मुंबईत आल्या, त्या शाळांच्या निरीक्षक म्हणून. १९४२ साली शाहिद लतीफ यांच्याशी लग्न झाले, पुढे दोन मुली झाल्या. अखेरपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, मुंबई हेच त्यांचे घर होते. महाराष्ट्रातल्या उर्दू शाळांच्या इतिहासात शोभेल अशी ही कारकीर्द आहे, पण आमच्या शिक्षक प्रशिक्षणात तिचा उल्लेख कोणी केल्याचे मला आठवत नाही.

त्यांची पहिली कादंबरी 'जिद्दी' ही निव्वळ प्रेमकथा आहे. १९४१ साली ती प्रसिद्ध झाली, पण लिहिली होती ऐन विशीत. श्रीमंत घरातला पूरन आणि त्याच घरात कामाला असलेली आशा यांची ही गोष्ट. हिजाब इम्तियाज अली यांच्या रोमानी कादंबऱ्यांचा प्रभाव आपल्यावर होता, हे इस्मत आपांनी पुढे मान्य केले आहे. तो प्रभाव जाणवतो. अश्रू फार आहेत, झुरणे फार आहे. तरीही एक गोष्ट या कोवळ्या कादंबरीत पक्की आहे. या प्रेमाच्या आड नशीब येत नाही, घरातली उतरंड येते. कोण हुकूम देणार आणि कोण भांडी घासणार, हे जिथे ठरलेले आहे तिथे प्रेमाने काय करावे, हा तिचा प्रश्न. १९४८ साली बॉम्बे टॉकीजने शाहिद लतीफ यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर चित्रपट काढला, देव आनंद आणि कामिनी कौशल यांना घेऊन. तो गाजला.

'जिद्दी' नंतर 'टेढी लकीर' वाचावी म्हणजे मधल्या काळात काय घडले ते कळते. मधे वर्ग होते, शिक्षकांची खोली होती, संस्थाचालक होते, तपासण्या होत्या. 'टेढी लकीर'ची नायिका शमन शिकते, नोकरी धरते, शाळेची मुख्याध्यापिका होते. त्या शाळेच्या कारभाराचे जे तिरकस चित्र इस्मत आपांनी काढले आहे, ते वाचताना आमच्यापैकी कोणालाही हसू येईल आणि मग हसू थांबेल. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, शमनच्या हातात स्वत:चा पगार आहे. आशाकडे तो नव्हता. म्हणून आशासमोर झुरण्यापलीकडे रस्ता नव्हता. शमन प्रेमात चुकते, पुन्हा चुकते, पण 'मला कोण पोसणार' हा प्रश्न तिला विचारावा लागत नाही. तिचा प्रश्न असतो, 'मी कोणाबरोबर राहू शकते?' प्रेमकथेतील हा फार मोठा पल्ला आहे. केवळ कल्पनेच्या जोरावर तो गाठता आला असता असे मला वाटत नाही. पगाराच्या रजिस्टरवर सही करणाऱ्या बाईनेच तो गाठला.

संसाराचे काय? 'लिहाफ'बद्दल लाहोरच्या कोर्टाचे समन्स आले तेव्हा इस्मत आपांची पहिली मुलगी तान्ही होती. बाळाच्या दुधाची बाटली आणि सरकारचे समन्स एकाच वेळी हाताळण्याचा तो प्रसंग त्यांनी आपल्या आत्मकथनात, 'कागजी है पैरहन'मध्ये, हसतखेळत सांगितला आहे. कथेत एकही अश्लील शब्द दाखवता आला नाही आणि खटला टिकला नाही. मंटोंनाही त्याच सुमारास 'बू'साठी लाहोरला जावे लागले. पण मंटोंच्या प्रवासाची गोष्ट सांगताना मुलाला कोणी सांभाळले, असे कोणी विचारत नाही. इस्मत आपांची गोष्ट सांगताना ते आपोआप येते. खांडेकरांच्या आत्मकथेचे नाव 'एका पानाची कहाणी'. पण त्या पानासाठी लागणारी निवांत घटका घरातल्या कोणी राखून दिली, याची कहाणी आपल्या साहित्यात अजून कोणी सविस्तर लिहिलेली नाही.

हे सारे आज, आपल्यासाठी लिहिण्याचे कारण आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी अस्मिता, दंगली, तलाक, गरिबी, शिक्षण या विषयांवर भरपूर आणि चांगले लिहिले. ते लिहिणे भागच होते. परंतु प्रेमकथा आपण कोणाच्या तरी भरवशावर सोडून दिली. आमच्याकडच्या मुली आणि त्यांच्या अम्मी 'पाकीजा आँचल', 'महकता आँचल' अशी दिल्लीची मासिके वाचत मोठ्या झाल्या. त्या कथांतली कोठी मोठी, नायक विलायतेतून परतलेला आणि नायिका डोळे मिटून रुसणारी. त्यात मराठवाड्याचे घर नाही, कापूस वेचणीचा हंगाम नाही, दुष्काळात दोन वर्षे लांबलेले लग्न नाही. मराठी कादंबरीत पाहावे तर आपल्या मुली एक तर दिसत नाहीत किंवा बुरख्याएवढ्याच दिसतात.

खरे म्हणजे आपल्या घरातल्या प्रेमकथेला विषय शोधायला लांब जायला नको. निकाहात मुलीची संमती लागते, ही शरियतची अट आहे. दोन साक्षीदार येतात, विचारतात, ती 'कबूल' म्हणते. ते विचारणे खरे किती आणि रीत म्हणून किती, या फटीत आख्खी कादंबरी मावेल. दुसरा विषय आजचा आहे. हल्ली स्थळ पाहताना 'मुलगी नोकरीवाली हवी' असे सर्रास सांगतात. डी. एड., बी. एड. झालेल्या मुलीचा पगार बोलणीतच मोजला जातो आणि तिचे मन मोजायचे राहून जाते. शमनला पगाराने मोकळीक दिली. आपल्याकडे तोच पगार कधी कधी नवी बेडी होतो. हे इस्मत आपांनी लिहिलेले नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो आणि तो खोटा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक याखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात पोषण आहाराच्या नोंदीपासून 'सरल'वरच्या माहितीपर्यंत काय काय भरावे लागते, ते शिक्षकांना सांगायला नको. त्यानंतर घर, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, रमजानात सहरीसाठी पहाटेचे उठणे. लिहिणाऱ्या बाईने यातून वेळ 'काढावा' असे सांगणे सोपे आहे. घरातल्यांनी तो तिला 'द्यावा' असे सांगायला कोणी धजत नाही. आपल्या संमेलनांत लेखिकांचा सत्कार होतो, पुष्पगुच्छ मिळतो. सत्काराला आलेल्या शौहर-भावांनी रोज एक तास चूल आणि मुले सांभाळली, तर पुष्पगुच्छ नसला तरी चालेल.

खांडेकर आणि इस्मत आपा यांच्याकडून मी एवढेच घेते की, नोकरी आणि संसार ही प्रेमकथेच्या वाटेतली धोंड नसून तिचा कच्चा माल आहे. जी शिक्षिका दिवसभर पन्नास मुलींचे चेहरे वाचते, कोणाचे शाळेतून नाव काढले आणि का काढले हे जाणते, तिच्याइतकी प्रेमाची माहिती दिल्लीतल्या मासिकाला नाही. अशा वह्या आपल्या शिक्षिकांच्या कपाटांत, हजेरीपटांच्या खाली पडून आहेत, हे मी पाहिले आहे. त्यांना 'टाइमपास' म्हणून हिणवू नका. त्या उघडून वाचा, चुका दाखवा, सुविचार कापून टाका आणि छापा.