‘आत्मघाती पिशव्या’ की शिदोरी?

शालेय पुस्तकांतून लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात. नाव चटकन लक्षात राहते खरे, पण उपाशी पेशी याच पिशव्यांच्या जोरावर तग धरते, हे त्यामुळे झाकले जाते. यीस्टमध्ये हे काम रिक्तिका करते. योशिनोरी ओसुमी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. रिक्तिकेत प्रथिने पचवणारी विकरे नसलेले यीस्ट त्यांनी नायट्रोजनविना ठेवले. काही तासांतच रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरली. पेशीद्रवात नवे दुहेरी पटल तयार होते, पेशीद्रवाचा घास वेढते. मग त्याचा बाहेरचा थर रिक्तिकेच्या पटलाशी एकजीव होतो. विकरे असती, तर घास पचून अमिनो आम्ले पुन्हा वापरात आली असती. पुस्तकातील आकृतीत मात्र प्रत्येक पटल कायमचे जागच्या जागी! शेजारी उपाशी पेशीची आकृती का नसावी?