लीलावतीचा मोती नेमका कोणत्या शतकातला?

लीलावतीची गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून भास्कराचार्य पाण्यात घटिकापात्र सोडतात. ती कुतूहलानं वाकते, दागिन्यातला मोती पडतो, पात्राचं भोक बुजतं, मुहूर्त टळतो. मग बाप तिच्या नावाचा ग्रंथ लिहितो.

भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त ही गोष्ट नाही. तिथे गणितं कधी लीलावतीला विचारलीयत, कधी मित्राला. मोती भेटतो तो अकबराच्या दरबारातला कवी फैजी याच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, 1587 मध्ये. चार शतकांहून जास्त अंतर!

मग गोष्ट फेकून द्यायची? अजिबात नाही. बाराव्या शतकाचा पुरावा म्हणून ती कुचकामी, पण सोळाव्या शतकातलं साहित्य म्हणून वाचा. इथे आकाश वाचता येतं, वेळ मोजता येते. पण मोजणारं यंत्रही निसर्गातलंच, एका मोत्यानं अडणारं. भास्कराचार्यांच्या यंत्राध्यायातही घटीयंत्र आहे. तिथे ते नुसती वेळ मोजतं, आणि सगळ्यांत वरचा मान मिळतो धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला. यंत्र तेच, पण फैजीनं त्याला नियतीच्या कथेत बसवलं. माझ्या मते शोधनिबंधाचा खरा विषय हा बदल आहे.

उलट बाजूचा खड्डाही सांभाळा. भास्कराचार्यांना आजचे विज्ञानवादी करून टाकू नका. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख बघा, भाऊ दाजींनी उजेडात आणलेला, 1207 च्या सुमाराचा. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी; त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे आणि मठाला बाजारातून काय मिळायचं ते सांगतो. गणित, फलज्योतिष आणि बाजाराचा पैसा, सगळं एका छपराखाली.

आणि आपल्या खान्देशातल्या पोरापोरींसाठी एक खास मोह. फैजी अकबराचा वकील म्हणून बऱ्हाणपूरला, खान्देशच्या राजा अली खानाकडे आला होता. ‘गोष्ट त्यानं इथेच ऐकली असणार’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहायला हात शिवशिवतो. पण तो आला 1591 मध्ये, भाषांतर झाल्यावर चार वर्षांनी.