वार्धक्य मोजायचे कशाने?

ओमेगा-३ मेदाम्लाची गोळी रोज घेतल्यास म्हातारपण मंदावते, अशा अर्थाच्या बातम्या फेब्रुवारी २०२५ मध्ये झळकल्या. त्यामागील संशोधन खरे होते व काळजीपूर्वक केलेले होते. तरीही बातम्यांनी काढलेला निष्कर्ष त्यातून निघत नाही. का निघत नाही, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' अशी वाक्ये विद्यार्थी आपल्यापुढेच आणून ठेवतात.

हे संशोधन 'डू-हेल्थ' या युरोपीय चाचणीतून निघाले. पाच देशांतील, सत्तर वा अधिक वयाची २,१५७ माणसे तीन वर्षे तिच्यात होती. ड जीवनसत्त्व, ओमेगा-३ आणि घरी करायचा साधा व्यायाम यांचा एकेकटा व एकत्रित परिणाम कळावा म्हणून त्यांचे आठ गट केले होते. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. याचे कारण उघड आहे. स्वतःहून अशा गोळ्या घेणारे लोक बहुधा खाऊनपिऊन सुखी, फिरायला जाणारे, वेळेवर तपासणी करून घेणारे असतात. ते अधिक निरोगी दिसले, तर श्रेय गोळीचे की राहणीचे, हे कसे कळणार?

मुख्यतः काय मोजायचे हे आधीच ठरले होते: वरचा व खालचा रक्तदाब, चालण्या-उठण्याची क्षमता, आकलनशक्ती, मणक्यांखेरीज इतर हाडे मोडणे आणि जंतुसंसर्ग. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. या सहांपैकी एकाही बाबतीत, तिन्हींपैकी एकाही उपायाचा लाभ ठरवलेल्या कसोटीला उतरला नाही.

मग २०२५ ची बातमी कशाची? ७७७ स्विस सहभागींच्या रक्ताच्या नमुन्यांची. आपल्या डीएनएवर जागोजागी मेथिल गट चिकटलेले असतात व वयाबरोबर त्यांची ठेवण बदलते. ती पाहून शरीराचे 'जैविक वय' सांगणारी गणिती सूत्रे तयार झाली आहेत. त्यांना घड्याळे म्हणतात. ओमेगा-३ घेणाऱ्यांत यांतील काही घड्याळे तीन वर्षांत सुमारे ३ ते ४ महिने मागे पडली, सगळी नव्हे.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला असा की, एकाच गोष्टीला अनेक मापे लावली की एखादे तरी योगायोगाने अनुकूल उत्तर देऊ शकते. हे वर्गात करून पाहता येईल. ४० मुलांनी प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवले, तर किमान एकाला पाचही वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के असते. त्या मुलाच्या हातात जादू आहे असे आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. घड्याळ म्हणजे म्हातारपण नव्हे. तो त्याचा एक दर्शक आहे. दर्शक सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असे धरून चालल्याने पूर्वी मोठा धोका झाला आहे. रक्तात बीटा कॅरोटिन अधिक असलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातील बीटा कॅरोटिन अपेक्षेप्रमाणे वाढले. पण १९९४ साली निकाल आला, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. केवळ रक्त तपासून थांबले असते, तर ती गोळी यशस्वी ठरली असती.

याचा अर्थ नवी घड्याळे टाकाऊ आहेत असा नाही. वार्धक्याच्या चाचण्यांना दशके लागतात, तेव्हा लवकर कळणाऱ्या खुणा हव्यातच. मात्र त्या खुणा बदलल्यावर पडणे, विसरणे, अंथरूण धरणे हेही कमी होते, हे दाखवले गेले पाहिजे. तसेच, शरीरात एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता आढळल्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे उणीव भरून काढायची असते. येथे प्रश्न धडधाकट माणसाने आणखी काही मिळवण्याचा आहे.

निवृत्तिवेतनातून महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्याला ही गोळी स्वस्त नसते. त्याच्या नातवंडांना आपण तीन प्रश्न विचारायला शिकवू या: काय मोजले? ते मोजायचे आधीच ठरले होते का? आणि जे मोजले, ते आजोबांना स्वतःला जाणवेल का?