मूलपेशी आणि हृदय : ‘घडविणे’ व ‘वाचविणे’ यांतील अंतर

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा खंडित झाला की हृदयस्नायूंच्या पेशी मरतात आणि त्या जागी व्रण उरतो. प्रौढ माणसात या पेशी नव्याने फारच थोड्या तयार होतात. म्हणूनच २००१ साली ‘नेचर’मध्ये ऑर्लिक, अन्व्हर्सा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, तेव्हा जगभर आशा पल्लवित झाल्या. उंदरांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी इजेच्या कडेला टोचल्यावर नऊ दिवसांत मृत भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने व्यापला, असा त्यांचा दावा होता.

 टोचलेल्या पेशीच स्नायू बनल्या आणि हृदयाचे कार्य सुधारले, असा निष्कर्ष या निबंधात काढला गेला. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात मरी व बाल्सम यांच्या स्वतंत्र गटांनी हे प्रयोग पुन्हा तपासले. टोचलेल्या पेशी हृदयस्नायू बनत नाहीत, असे दोघांनाही आढळले. पुढे २०१८ मध्ये हार्वर्ड व ब्रिगहॅम रुग्णालयाने अन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतील ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली.

मग लाभ होतो तो कशाने? २००५ मध्ये न्येकी, झाऊ व सहकाऱ्यांनी जनुकीय बदल केलेल्या मूलपेशी ज्या द्रवात वाढविल्या, तो द्रवच उंदरांना दिला. तेवढ्यानेही मृत भागाची व्याप्ती घटली. म्हणजे पेशींतून पाझरणारे स्राव शेजारच्या धोक्यातील पेशींना मरणापासून वाचवितात. २०१९ मध्ये मोल्केंटिन यांच्या गटाला तर मारून टाकलेल्या पेशींनीही उंदरांच्या हृदयाचे कार्य सुधारल्याचे दिसले. तेथे शरीरातील भक्षक पेशींच्या प्रतिसादाने व्रणाची जडणघडण बदलली होती.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. ‘नवे हृदय घडते’ या वाक्यावर विसंबून रुग्णाचे कुटुंब आयुष्यभराची पुंजी खर्चू शकते. भारतातील २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या विकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता असे उपचार मान्यताप्राप्त चाचण्यांपुरतेच मर्यादित ठेवले, ते याचसाठी. तेव्हा वर्गात हा विषय शिकविताना अध्यापकांनी क्रियापदाची निवड जपून करावी. उंदरांवरील पुराव्याने ‘वाचविणे’ सिद्ध होते, ‘घडविणे’ नव्हे.